भाज्या-फळांतले कीटकनाशकांचे अवशेष: काय धुऊन जातं आणि काय जात नाही

फळं मिठाच्या पाण्यात ठेवायची की व्हिनेगरच्या? सोडा घालायचा, की भाज्या धुण्यासाठी मिळणारं खास द्रावण विकत आणायचं? या विषयाची सुरुवात बहुतेक वेळा अशा प्रश्नांनी होते. त्याआधीचा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. औषध बसलंय कुठे? सालीवर, सालीच्या आत, गरात, की चरबीत? हे एकदा समजलं की कुठे नुसतं पाणी पुरेल, कुठे साल काढावी लागेल आणि कुठे स्वयंपाकघरात काहीही केलं तरी फरक पडणार नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येतं. म्हणून सुरुवात भांड्यापासून न करता शेतापासून करू.

पायरी १: औषध कोणत्या जातीचं, ते समजून घ्या

बोलताना आपण ज्याला सरसकट ‘फवारणीचं औषध’ म्हणतो त्यात कीटकनाशकं येतात, बुरशीनाशकं येतात, तणनाशकं येतात आणि काढणीनंतर साठवणुकीत लावायची रसायनंही येतात. खाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा फरक एकच: औषध स्पर्शजन्य आहे की आंतरप्रवाही.

स्पर्शजन्य औषध पानावर किंवा फळावर थर धरून बसतं. मॅन्कोझेब आणि कॅप्टन ही बुरशीनाशकं या प्रकारातली. जोराचा पाऊस झाला की हा थर वाहून जातो आणि शेतकऱ्याला पुन्हा फवारावं लागतं. पावसाला जे टिकत नाही, ते नळाखाली चोळल्यावरही बऱ्यापैकी निघतं.

आंतरप्रवाही औषधाचा बेतच वेगळा. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळांतून किंवा पानांतून शोषलं जातं आणि रसाबरोबर झाडभर फिरतं. मावा, तुडतुडे रस शोषतात आणि त्यातूनच मरतात. म्हणजे औषध रसात असणं हेच त्याचं काम. असं औषध पानाच्या किंवा फळाच्या आत असेल तर तुम्ही बाहेरून मीठ लावा, सोडा लावा, काही लावा, आतलं तसंच राहणार.

या दोहोंच्या मधे तिसरा गट आहे आणि लोकांची फसगत होते ती इथे. काही औषधं आंतरप्रवाही नसतात, पण त्यांना तेला-मेणाचं भारी आकर्षण. ती सालीवरच्या नैसर्गिक मेणात मुरतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. अमेरिकेत कनेटिकट राज्याच्या कृषी प्रयोग केंद्राने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ औषधांवर नळाच्या पाण्याने धुण्याचा काय परिणाम होतो ते तपासलं होतं. त्यातल्या ९ औषधांचे अवशेष घटले. विंक्लोझोलिन, बायफेंथ्रिन आणि क्लोरपायरिफॉस ही तीन मात्र हलली नाहीत. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: औषध पाण्यात किती विरघळतं यावर ते किती निघेल हे ठरत नव्हतं. औषध विरघळून जात नाही, ते पाण्याच्या धारेने आणि चोळण्याने निखळून जातं. भांड्यात भिजत ठेवलेली भाजी आणि धारेखाली चोळलेली भाजी यांत फरक पडतो तो यामुळे.

आतल्या औषधापुढे धुणं किती हतबल असतं याचं जुनं उदाहरण १९८५ सालचं आहे. कॅलिफोर्नियात आल्डिकार्ब हे अत्यंत विषारी आंतरप्रवाही औषध कलिंगडाच्या पिकात वापरलं गेलं. या पिकासाठी त्याला परवानगीच नव्हती. कलिंगड खाऊन शेकडो लोक आजारी पडले. कलिंगडाची जाड साल कुणी खात नाही, तरीही विष गरातून पोटात गेलं. असे प्रकार विरळा असतात, पण ते घडतात तेव्हा चूक शेतावर झालेली असते आणि ती सिंकमध्ये दुरुस्त होत नाही.

शेतावरची शिस्त म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी. त्या पिकासाठी मंजूर असलेलंच औषध वापरणं, ठरलेलीच मात्रा घेणं, आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत ठरलेले दिवस जाऊ देणं. ऊन, वारा, पाऊस आणि झाडाची स्वतःची वाढ यांमुळे त्या दिवसांत अवशेष उतरत जातात. ज्या पिकांची तोडणी एक-दोन दिवसांआड चालू असते, भेंडी, काकडी, टोमॅटो यांसारखी, तिथे हे दिवस पाळणं शेतकऱ्याला सर्वांत अवघड जातं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून माल घेत असाल तर ‘औषध मारता का?’ असं विचारू नका. ‘शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला फक्त हो किंवा नाही मिळतं, दुसऱ्यातून काहीतरी कळतं.

पायरी २: आकड्यांना घाबरण्याआधी ते कशाचे आहेत ते पाहा

बातम्यांत ‘मर्यादेपेक्षा जास्त अवशेष आढळले’ असं वाक्य येतं. ही मर्यादा म्हणजे कमाल अवशेष मर्यादा, प्रयोगशाळांच्या बोलीत ‘एमआरएल’. ती विषारीपणाची सीमारेषा आहे असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. औषध लेबलवर लिहिल्याप्रमाणे वापरलं तर काढणीच्या वेळी जास्तीत जास्त किती अंश राहू शकतो, हे शेतातल्या चाचण्यांवरून काढतात आणि त्यावरून ही मर्यादा बसते. नंतर, तेवढा अंश रोज पोटात गेला तर आरोग्याला चालेल का, हे वेगळं तपासलं जातं. थोडक्यात, मर्यादा ओलांडली याचा पहिला अर्थ ‘शेतात काहीतरी नियमाबाहेर झालं’ असा आहे. दुसरा अर्थ, ‘खाणाऱ्याला धोका आहे’, खरा असेलही किंवा नसेलही.

युरोपीय संघात ज्या औषध-पिकाच्या जोडीसाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हा आकडा आपोआप लागू होतो. जपाननेही २००६ पासून तसंच धोरण ठेवलं आहे. ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे १०० टन मालात १ ग्रॅम. एखादा माल ०.०३ निघाला तर तो ‘तिप्पट’ म्हणून परत जातो, आणि कागदावर ते बरोबरच आहे, पण त्या तिपटीवरून विषबाधेचा अंदाज बांधता येत नाही.

आरोग्याचा आकडा वेगळा असतो: रोज आयुष्यभर घेतलं तरी चालेल असं प्रमाण, म्हणजे स्वीकारार्ह दैनिक सेवन. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेला कोणताही अपाय दिसला नाही ती मात्रा घेतात आणि तिला साधारणपणे १०० ने भागतात. त्यातले १० प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, १० माणसामाणसांतल्या फरकासाठी. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची संयुक्त तज्ज्ञसमिती हे काम १९६३ पासून करते आहे. याच्या जोडीला एका दिवसात किंवा एका जेवणात किती चालेल, याचा तीव्र मात्रेचा आकडाही असतो. आल्डिकार्बसारख्या औषधाच्या बाबतीत हा दुसरा आकडाच महत्त्वाचा.

हिशेब कसा करायचा ते एका कल्पित उदाहरणात पाहा. समजा, एखाद्या औषधाचं स्वीकारार्ह दैनिक सेवन शरीराच्या दर किलो वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ०.६ मिलिग्रॅम चालेल, १२ किलोच्या मुलाला ०.१२. आता फळात किलोमागे ०.५ मिलिग्रॅम अंश आहे आणि दोघांनी २०० ग्रॅम फळ खाल्लं. प्रत्येकाच्या पोटात ०.१ मिलिग्रॅम गेलं. मोठ्या माणसाच्या वाट्याचा सहावा हिस्सा भरला, मुलाचा वाटा जवळजवळ संपला. फळ तेच, ताटली तीच. लहान मुलांच्या बाबतीत वेगळी काळजी का घ्यायची याचं उत्तर या गणितात आहे. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने नेमका हाच मुद्दा मांडला आणि १९९६ च्या कायद्याने तिथे मुलांसाठी आणखी दहापट सुरक्षिततेची तरतूद आली.

या पद्धतीत एक खोट आहे, ती सांगितली पाहिजे. मर्यादा प्रत्येक औषधाची स्वतंत्र असते, पण फळावर चार औषधं एकत्र असू शकतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं मज्जासंस्थेतल्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) घाला घालतात. तेव्हा त्यांची बेरीजच मोजायला हवी. असं एकत्रित मोजमाप काही देशांत होतं, पण प्रयोगशाळेच्या नेहमीच्या ‘पास-नापास’ अहवालात ते दिसत नाही.

पायरी ३: धुणं

भाजी चिरण्याआधी धुवा, नंतर नाही. वाहत्या पाण्याखाली धरून हाताने चोळा. बटाटा, गाजर, काकडी असं टणक काही असेल तर मऊ ब्रशने घासा. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका. फवारणी झेललेली पानं बव्हंशी तीच असतात. पालेभाजीची जुडी सोडून पानं सुटी करा, भरपूर पाण्यात खळबळून पाणी बदला आणि शेवटी धारेखाली चाळणीत धरा. देठाच्या खोबणीत औषध साचतं, म्हणून टोमॅटो, ढोबळी मिरची, सफरचंद यांच्या देठाकडचा खळगा चोळून घ्या किंवा कापून टाका. मग स्वच्छ कापडाने पुसा. पुसण्याला लोक फार किंमत देत नाहीत, पण औषध निघतं तेच मुळी घासण्यामुळे. धुऊन ठेवलेली फळं लवकर खराब होतात, तेव्हा खायच्या वेळीच धुवा.

सोड्याबद्दल खरंखुरं संशोधन आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर थायाबेंडाझोल आणि फॉस्मेट ही औषधं लावून पाहिलं. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घातला, तर १२ मिनिटांत लावलेल्यापैकी ८० टक्के थायाबेंडाझोल आणि १५ मिनिटांत ९६ टक्के फॉस्मेट निघालं. साधं पाणी आणि ब्लीचचं द्रावण दोन्ही मागे पडली. ही बातमी जगभर फिरली, पण तिचा दुसरा अर्धा भाग वाटेत गळला. थायाबेंडाझोल सालीत ८० मायक्रोमीटरपर्यंत आणि फॉस्मेट २० मायक्रोमीटरपर्यंत शिरलेलं सापडलं. तेवढ्याला सोडा पोचला नाही. शिवाय ही दोन औषधं सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात विघटित होणारी आहेत. प्रत्येक औषध तसं वागेल असं नाही. तरीही दोन चमचे सोडा आणि पंधरा मिनिटं हा उपाय स्वस्त आहे, सालीसकट खायच्या फळांना जरूर वापरा. नंतर साध्या पाण्याने धुवायला विसरू नका.

मीठ आणि व्हिनेगर यांचे निकाल औषधागणिक बदलतात. नुसत्या पाण्यापेक्षा थोडा फरक पडतो, कधी पडतही नाही. भांडी घासायचा साबण, डिटर्जंट वापरू नका, कारण फळभाज्यांच्या सालीला बारीक छिद्रं असतात आणि साबणाचाच अंश आत जातो. ब्लीचसारख्या तीव्र ऑक्सिडीकारकांबाबत मी जास्तच सावध राहीन. क्लोरपायरिफॉससारख्या काही ऑर्गनोफॉस्फेट औषधांचं त्यांच्यामुळे ‘ऑक्सॉन’ रूपात रूपांतर होतं आणि ते रूप मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं. जंतू मारण्यासाठी त्यांचा उपयोग वेगळा. औषध काढण्यासाठी म्हणून स्वयंपाकघरात ती आणण्याचं कारण मला दिसत नाही.

पायरी ४: साल, चूल आणि चक्की

मेणात मुरलेल्या औषधावर हुकमी उपाय एकच, साल काढणे. त्यात सालीतले तंतू आणि जीवनसत्त्वंही जातात, म्हणून सरसकट सगळंच सोलत बसू नका. संत्रं-लिंबू यांच्या सालीला साठवणुकीत बुरशी लागू नये म्हणून इमॅझालिल, थायाबेंडाझोल अशी औषधं लावलेली असू शकतात. गर खाताना त्याची फारशी चिंता नाही, पण केकमध्ये किंवा मुरंब्यात साल किसून घालायची असेल तर औषध न लावलेली फळं शोधा. आणि सोलण्याआधीही धुवा, नाहीतर सालीवरचं औषध हाता-सुरीवाटे गरावर जातं.

उकळण्याने, वाफवण्याने बरीच औषधं थोडीफार घटतात. काही पाण्यात उतरतात, काही उष्णतेने मोडतात. पण ‘शिजवलं की गेलं’ हा भरवसा खोटा आहे. मॅन्कोझेब आणि त्याच्या गटातली बुरशीनाशकं तापवली की त्यांच्यापासून इथिलीन थायोयुरिया तयार होतं आणि ते थायरॉइडला मूळ औषधापेक्षा जास्त घातक आहे. हे औषध सालीवर असताना पाण्याने निघतं, चुलीवर चढल्यावर त्याचं दुसरंच काही होतं. शिजवायचंच आहे म्हणून न धुता टाकण्याची सवय असेल तर ती सोडा.

धान्याचं पाहा. कोठारात किडीपासून राखण्यासाठी लावलेली औषधं दाण्याच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कोंड्यात, राहतात. तांदळाला पॉलिश केलं की त्यातला बराच भाग कोंड्याबरोबर जातो. गव्हाच्या कोंड्यासकट पिठात मैद्यापेक्षा अंश जास्त सापडतो. म्हणून मैदा खा, असं मी म्हणणार नाही; कोंड्याचे फायदे खूप मोठे आहेत. तांदूळ, डाळी दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा आणि दळण्याआधी धान्य निवडून, पाखडून घ्या. वाळवलेल्या पदार्थांत पाणी उडतं आणि अवशेष मागे राहतात, त्यामुळे मनुक्यात किलोमागे दिसणारा आकडा द्राक्षापेक्षा मोठा असू शकतो. चहाच्या बाबतीत धुण्याचा नियम उलटा फिरतो: इथे औषध पाण्यात किती विरघळतं यावरच ठरतं. पाण्यात सहज विरघळणारी औषधं, उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड, कपात उतरतात. मेणा-तेलाकडे ओढ असणारी बहुतांश चोथ्यात राहतात.

दूध, लोणी, मांस, अंडी यांत प्रश्न चरबीचा. डीडीटीसारखी जुनी ऑर्गनोक्लोरीन औषधं चरबीत साठतात आणि वर्षानुवर्षं मोडत नाहीत. २००१ च्या स्टॉकहोम करारानंतर त्यांच्यावर जगभर निर्बंध आले, पण मातीत ती अजून आहेत. इथे धुण्याचा प्रश्नच येत नाही. मांसावरची दिसणारी चरबी काढून टाकणं, एवढंच हातात आहे.

पायरी ५: सेंद्रिय आणि याद्या

सेंद्रिय म्हणजे शून्य फवारणी नव्हे. तांब्याची बुरशीनाशकं, स्पिनोसॅड, पायरेथ्रम अशी काही औषधं तिथेही चालतात आणि शेजारच्या शेतातला तुषार वाऱ्याबरोबर येतोच. तरीही कृत्रिम औषधांचे अवशेष सेंद्रिय मालात कमी सापडतात, हे पक्कं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात २३ शाळकरी मुलांना पाच दिवस सेंद्रिय आहार दिला, तर त्यांच्या लघवीतले मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉसचे अंश झपाट्याने खाली आले. नेहमीचा आहार सुरू होताच परत वर गेले. यातून दोन गोष्टी दिसतात: ही औषधं शरीरात फार काळ मुक्काम करत नाहीत, आणि मुलांच्या शरीरात ती बहुतांश जेवणातून येतात. बजेट मर्यादित असेल तर सेंद्रियचा पैसा मुलं रोज खातात त्या दोन-तीन गोष्टींवर, त्यातही सालीसकट खायच्या फळांवर आणि पालेभाज्यांवर घाला. जाड सालीच्या फळांवर कशाला?

‘सर्वांत दूषित बारा’ छापाच्या याद्या दरवर्षी फिरतात. त्या बव्हंशी किती औषधं सापडली हे मोजतात. सापडलेल्या अंशाची दैनिक सेवनाशी तुलना क्वचितच करतात. अशी यादी वाचून फळं कमी करणं हा सगळ्यात वाईट निर्णय. त्यापेक्षा फळं-भाज्या बदलत्या ठेवा, हंगामाप्रमाणे घ्या, एकाच ठिकाणच्या एकाच मालावर महिनोन्महिने अवलंबून राहू नका.

पायरी ६: नमुना तपासायला द्यायचा असेल तर

घरच्या घरी रंग बदलून दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्या साधारणपणे ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांपुरत्या असतात. बुरशीनाशकं, इमिडाक्लोप्रिड त्यांना दिसत नाहीत, त्यामुळे पट्टी ‘ठीक’ म्हणाली तर फार खूश होऊ नका. खरी तपासणी वायू किंवा द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर होते. प्रयोगशाळेला आधी विचारा की त्यांच्या यादीत किती आणि कोणती औषधं आहेत, आणि तुम्हाला शंका आहे ते त्यात आहे का. अहवालात ‘आढळले नाही’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ‘आमच्या मोजण्याच्या किमान मर्यादेच्या खाली’ इतकाच. ती मर्यादा शेजारच्या रकान्यात दिलेली असते, ती वाचा.

कोबी, फ्लॉवर, कांदा, लसूण यांच्या अहवालात ‘डायथायोकार्बामेट’ (मॅन्कोझेब ज्या गटात येतं त्या गटाचं नाव) दिसलं तर लगेच शेतकऱ्याला धारेवर धरू नका. ही चाचणी औषधाचं विघटन करून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजते, आणि या भाज्यांतल्या नैसर्गिक गंधकयुक्त घटकांपासूनही तोच वायू निघतो.

नमुना एका फळाचा देऊ नका. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या, म्हणजे कोडेक्सच्या, पद्धतीप्रमाणे सफरचंदासारख्या मध्यम आकाराच्या फळांचे किमान १० नग आणि एकूण १ किलो, तर कोबीसारख्या मोठ्या भाजीचे किमान ५ नग आणि २ किलो लागतात. एका ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून घ्या, कागदी किंवा नव्या प्लास्टिक पिशवीत भरा, आणि धुऊ नका. कमाल मर्यादा न धुतलेल्या कच्च्या मालासाठीच ठरवलेली असते, केळ्याची तर सालीसकट. धुतलेल्या मालाचा आकडा तिच्याशी ताडून पाहता येत नाही. तुमच्या धुण्याने काय साधतं ते पाहायचं असेल तर त्याच ढिगातले दोन नमुने द्या, एक धुतलेला आणि एक तसाच, आणि पिशव्यांवर तसं लिहा.